ठेव

२०२४ सालच्या श्रावणांतली गोष्ट. रात्रीं घरांतलीं सारीं माणसें निजल्यावर मी माझ्या खोलींत दुसऱ्या दिवशींच्या व्याख्यानाचीं टिपणें चाळीत बसलों होतों. बाहेर पावसाची रिपरिप चालली होती. इतक्यांत कोठें तरी पाल चुकचुकली. आमच्या आत्याचा पालीच्या शब्दावर मोठा विश्वास असे. पाल बोलली कीं हातांतलें काम थांबवून ती 'कृष्ण, कृष्ण' म्हणे आणि जमिनीवर बोटानें तीन टिचक्या मारी. मी पडलों इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. शकुनापशकुनांना हंसण्याची मला जुनी संवय. तरीही मीं भिंत पाहिली, छत पाहिलें, कपाटाच्या मागें डोकावून पाहिलें. पाल कोठेंच नव्हती. आवाज येत होता तो टेबलावरच्या माझ्या लॅपटॉपमधून. टक्, टक्, टक्. मग क्षणभर कांहीं तरी फिरूं लागल्याची घरघर. आणि पुन्हां टक्, टक्, टक्. पडद्यावरचीं अक्षरें जागच्या जागीं थिजलीं होतीं.

यंत्र बिघडलें म्हणजे तें बंद करावें आणि पुन्हां चालू करावें, हा आमच्या पिढीला ठाऊक असलेला एकमेव तोडगा. मीं तो त्या रात्रीं सात वेळां केला. पांचव्या खेपेस लॅपटॉप कसाबसा जागा झाला आणि डिस्कमध्यें दोष आढळला आहे, तो दुरुस्त करूं काय, अशा अर्थाची पृच्छा त्यानें केली. बुडत्याला काडीचा आधार. मीं तत्परतेनें होकार दिला. ती दुरुस्ती अर्धा तास चालली आणि मध्येंच थांबली. सातव्या खेपेनंतर मीं नाद सोडला व दिवा मालवून अंथरुणावर पडलों. झोंप मात्र येईना. त्या डिस्कमध्यें काय काय होतें याची यादी मन आपोआप करूं लागलें.

त्या यादींतल्या बहुतेक गोष्टी गेल्या असत्या तरी चालण्यासारखें होतें. कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. त्यांच्या नाशानें विद्यार्थिवर्गांत शोक पसरला नसता. एका अपुऱ्या कादंबरीचीं नऊ प्रकरणें होतीं. मराठी वाङ्मयानें तोही आघात सोसला असता. परंतु त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यांत 'आत्या' एवढेंच नांव दिलेला एक फोल्डर होता आणि त्यांत चौदा ध्वनिमुद्रणें होतीं. तें नांव आठवलें मात्र, आणि मी अंथरुणांत उठून बसलों.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी सहा वर्षांचा असतांना माझी आई गेली. त्यानंतर मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला आत्यानेंच वाढविलें. तिचें शिक्षण मराठी चौथीपर्यंतच झालेलें. पण घराण्याच्या चार पिढ्यांचा इतिहास, कोंकणांतल्या जुन्या घराची खोलीवार हकीकत, ओव्या, पाळणे, म्हणी आणि कोणत्या चुलत्यानें कोणाशीं कशावरून अबोला धरला होता, इथपर्यंत सारें कांहीं तिच्या जिभेवर असे. २०१५ सालीं ती शहाऐंशी वर्षांची होती. त्या वर्षीं मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुटींत तिच्यासमोर एक लहानसें ध्वनिमुद्रक यंत्र ठेवून मीं तिला बोलतें केलें. "माझ्या बोलण्याला काय सोनें लागलें आहे?" असें ती पहिल्या दिवशीं म्हणाली, आणि मग एकंदर सात तास बोलली. २०१८ सालीं ती गेली. तीं मुद्रणें मीं लॅपटॉपमध्यें उतरवून घेतलीं, मूळ यंत्रांतलीं पुसून टाकलीं, आणि, हें लिहितांना आजही लाज वाटते, पुढच्या नऊ वर्षांत त्यांपैकीं एकही पुन्हां ऐकलें नाहीं. ठेवलीं होतीं ना! ठेवलेली वस्तु जाते कोठें?

कार्लाइलची एक गोष्ट मी दरवर्षीं वर्गांत सांगत आलों आहें. फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाचा पहिला भाग लिहून झाल्यावर त्यानें तें हस्तलिखित जॉन स्टुअर्ट मिल याला वाचावयास दिलें. १८३५ च्या मार्चांत मिल हवालदिल होऊन त्याच्या दारांत उभा राहिला. हस्तलिखित जळून गेलें होतें; मोलकरणीनें रद्दी समजून तें जाळलें असें सांगतात. दुसरी प्रत नव्हती. कार्लाइलनें सारा भाग पुन्हां लिहून काढला आणि १८३७ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ही गोष्ट संपली कीं मी चष्मा वर करून म्हणत असें, "म्हणून मुलांनो, लिहिलेल्याची एक नक्कल ठेवीत जा." त्या रात्रीं तें वाक्य माझ्याच आवाजांत मला ऐकूं येत राहिलें. शिवाय कार्लाइलला निदान पुन्हां लिहितां तरी आलें. आत्याला पुन्हां बोलतें कोण करणार होतें?

सकाळीं बातमी फुटली तशी सल्ल्यांची रीघ लागली. एका स्नेह्यानें लॅपटॉपला बाजूनें हळूच चापटी मारावयास सांगितलें. जुन्या रेडिओच्या काळांत ही विद्या उपयोगी पडत असे. शेजारचे निवृत्त अभियंते म्हणाले, "डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळून रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवा. आंतले भाग आकसतात आणि ती चालूं लागते." त्यांनीं हें इतक्या गंभीरपणें सांगितलें कीं मी खरोखरच पिशवी शोधूं लागलों. सौभाग्यवती फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "आत्यांना बर्फांत ठेवायचें नाहीं," एवढेंच ती म्हणाली.

तेव्हां मला एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. बी. ए. च्या वर्गांत त्यानें माझ्याकडे शेक्सपिअर वाचला होता आणि फारसा मनावर घेतला नव्हता. पुढें तो पुण्यास संगणक-दुरुस्तीच्या धंद्यांत पडला, आणि बिघडलेल्या डिस्कमधली माहिती परत काढून देण्यांत त्याचा हातखंडा झाला होता. फोनवर त्यानें माझी सारी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलें, "सर, आवाज आल्यापासून ती किती वेळां चालू केलीत?"

मीं खरी संख्या सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"आतां एकदांही करूं नका. आणि सर, दुरुस्त करूं का म्हणून तिनें विचारलें असेल, तर तुम्ही हो म्हणालां नाहींत ना?"

नक्कल करतांना सांपडलेला मुलगा परीक्षकासमोर जसा गप्प उभा राहतो, तसा मी गप्प राहिलों.

दुसऱ्या दिवशीं लॅपटॉप मऊ पंचांत गुंडाळून मी साताऱ्याहून पुण्याच्या गाडींत बसलों. खड्डा आला कीं मी तो मांडीवरून वर उचलून धरीं. शेजारच्या बाईंना त्यांत देव असावेत असें वाटलें.

विद्यार्थ्यानें मला प्रथम एक मेलेली, उघडून ठेवलेली डिस्क दाखविली. आंत आरशासारख्या चकचकीत तबकड्या होत्या. ग्रामोफोनची तबकडी ज्यानें पाहिली आहे, त्याला ओळख पटावयास वेळ लागणार नाहीं. फरक एवढाच कीं ग्रामोफोनची सुई तबकडीला घांसत जाते, आणि येथें सुईच्या जागीं जें हेड असतें तें चालत्या तबकडीला शिवतही नाहीं. माझ्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेई. म्हणजे तिची कड तासाला साठ किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवे. त्या वेगाबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर हेड तरंगत असतें, आणि दोहोंमधील अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर असतें. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले म्हणजे त्यांतला एक भाग हा नॅनोमीटर. माणसाच्या केंसाची जाडी अशा सुमारें ऐंशी हजार भागांची भरते. यावरून धुळीचा एक कण म्हणजे त्या हेडच्या वाटेंतला केवढा पर्वत, हें ध्यानांत यावें. साध्या खोलींत डिस्क उघडूं नये तें यासाठीं. आणि बर्फाच्या कप्प्यांतून काढलेल्या डिस्कवर जें दंव धरतें, त्याची भीति बाळगावयाची तीही यासाठींच. १९५६ सालीं आय. बी. एम. नें अशा तऱ्हेचें पहिलें यंत्र बाहेर आणलें, तेव्हां त्यांत दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून पन्नास लाख अक्षरें मावत. माझी डिस्क तळहातावर राहण्याएवढी, आणि तिच्यांत त्याच्या लाखपट मजकूर! एवढें ऐश्वर्य इतक्या बारीक फटीवर उभें आहे याची मला दहा वर्षांत शंकाही आली नव्हती.

"पण हें टक् टक् कशाचें?" मीं विचारलें.

"तबकडीवर मैलाच्या दगडांसारख्या खुणा कारखान्यांतच उमटवलेल्या असतात, सर. त्या वाचतां आल्या नाहींत कीं हेडला आपण कोठें आहों हें कळत नाहीं. मग तें मूळ ठिकाणीं परत येतें आणि पुन्हां शोधावयास निघतें. प्रत्येक परत येण्याचा हा आवाज."

त्यानें केलेली परीक्षा मी एखाद्या रोग्याच्या नातेवाइकासारखा पाहत होतों. प्रथम त्यानें डिस्क लॅपटॉपमधून काढून स्वतःच्या यंत्राला दुसऱ्या तारेनें जोडली. पुष्कळदां दोष तारेचा किंवा वीजपुरवठ्याचा असतो आणि बोल डिस्कला लागतो. आवाज कमी झाला, पण थांबला नाहीं. मग ती आपलें नांव आणि क्षमता बरोबर सांगते कीं नाहीं हें त्यानें पाहिलें. सांगत होती. म्हणजे खालची विजेची पाटी शाबूत होती आणि हेड अडखळत कां होईना, वाचत होतें. शेवटीं त्यानें डिस्क आपल्या प्रकृतीची जी नोंद स्वतःच ठेवते ती उघडली. वाचतां न आल्यामुळें अनिर्णित ठेवलेल्या तुकड्यांची संख्या तींत तीनशेंच्या वर गेली होती. धडधाकट डिस्कमध्यें तेथें शून्य असतें.

"ही नोंद होती, तर मला आधीं इशारा कां मिळाला नाहीं?"

"नेहमीं मिळतोच असें नाहीं, सर. २००७ सालीं गूगलच्या संशोधकांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ज्या बंद पडल्या, त्यांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांत चार मुख्य लक्षणांतलें एकही आधीं दिसलें नव्हतें."

नंतर त्यानें माझ्यापुढें दोन मार्ग ठेवले. धूळरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेकडे डिस्क पाठवावयाची. तेथें ती उघडून तशाच दुसऱ्या डिस्कचीं हेड तिला बसवितात. खर्च हजारांनीं मोजण्याजोगा, आणि यशाची हमी तेथेंही नाहीं. किंवा आहेत तीं हेड जगत आहेत तोंवर सर्व मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावयाचा. त्यांत धोका असा कीं मध्येंच हेड तबकडीवर टेकलें तर पृष्ठभाग खरवडला जाईल, आणि मग प्रयोगशाळेचाही इलाज खुंटेल. "आवाज वाढला तर मी तत्क्षणीं थांबेन," तो म्हणाला, "पण ठरवायचें तुम्ही, सर." मीं दुसरा मार्ग निवडला. त्यांत खर्चाचा विचार माझ्या मनांत आलाच नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल.

माझी समजूत होती कीं तो आधीं 'आत्या' उघडील. त्यानें कांहींच उघडलें नाहीं. आजारी डिस्कवर एक अक्षरही लिहावयाचें नाहीं आणि तिला विनाकारण धांवडवावयाचें नाहीं, हा त्याचा पहिला नियम. मीं ज्या दुरुस्तीला होकार दिला होता ती नेमकी याच्या उलट वागते. डिस्क निरोगी असून केवळ हिशेबांत चुका झाल्या आहेत असें धरून ती त्या दुबळ्या तबकडीवरच नवे हिशेब लिहीत सुटते. त्यानें वापरलेल्या 'डीडीरेस्क्यू' या प्रोग्रामची रीत निराळी. तो डिस्कच्या एका टोंकापासून निघतो, सहज वाचतां येईल तें आधीं उतरवून घेतो, आणि जेथें अडेल तेथें हुज्जत न घालतां खूण करून पुढें जातो. सारा सोपा भाग हातीं आल्यावरच तो अवघड जागांकडे वळतो आणि त्यांचे लहान लहान तुकडे करून, कधीं उलट्या बाजूनें, पुन्हां वाचून पाहतो. वर्गांत एखादा मुलगा अडला कीं मी तेथेंच तासभर रेटीत बसतों. त्या प्रोग्रामकडे पाहतांना मला माझे पुष्कळसे तास आठवले.

हें काम तीन दिवस चाललें. मला धीर यावा म्हणून विद्यार्थ्यानें कोलंबिया या अंतराळयानाची हकीकत सांगितली. १ फेब्रुवारी २००३ रोजीं परतीच्या वाटेवर तें यान टेक्ससच्या आकाशांत फुटलें आणि कर्नालच्या कल्पना चावलासह सातही अंतराळवीर मृत्यु पावले. पुढें कांहीं महिन्यांनीं अवशेषांत एक डिस्क सांपडली. ती भाजून काळी झाली होती. पण तिच्या तबकड्या वांचल्या होत्या. त्या स्वच्छ करून नव्या भागांवर बसविल्यावर सुमारें ९९ टक्के मजकूर वाचतां आला, आणि क्झेनॉन वायूवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. ऐकून मला धीर आला, आणि लगेच त्या धीराची लाज वाटली. आंकडे परत आले. माणसें आलीं नाहींत.

चौथ्या दिवशीं त्याचा फोन आला. शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक भाग उतरला होता. चौदांपैकीं बारा ध्वनिमुद्रणें संपूर्ण मिळालीं. तेराव्यांत एक लहानशी फट राहिली होती. चौदावें जेथें होतें तेथेंच तबकडीला सर्वांत अधिक इजा पोंचलेली. त्यांतून एक वाक्यही सलग लागत नव्हतें.

"पहिल्याच आवाजाला बंद केली असती तर तें मिळालें असतें काय?" मीं विचारलें.

"तें कोणालाच सांगतां येणार नाहीं, सर," तो म्हणाला. शेक्सपिअर त्यानें मनावर घेतला नसेल. पण करुणा म्हणजे काय हें त्याला शिकविण्याची गरज नव्हती.

घरीं येऊन मीं आधीं तेरावें मुद्रण लावलें. अशा मुद्रणांत एका सेकंदाच्या आवाजास सुमारें १ लाख ७६ हजार बाइट लागतात. जे वाचतां आले नाहींत त्यांच्या जागीं शून्यें राहतात, आणि आवाजाच्या भाषेंत शून्य म्हणजे शांतता. त्यामुळें जेवढें गेलें, बरोबर तेवढ्याच लांबीची ती शांतता असते. कमी नाहीं, अधिक नाहीं. आत्या बोलत होती. "तुझी आई गेली त्या रात्रीं तिनें माझा हात धरला आणि म्हणाली..." पुढें नऊ सेकंद कांहींच नाहीं. मग पुन्हां आत्याचा आवाज: "...म्हणून मीं तुला कधीं मारलें नाहीं हो."

तो फोन, तो प्रवास, तीं यंत्रें हें सारें बाजूला ठेवून मला जें सांगावयाचें आहे तें एवढेंच आहे. २०१५ सालीं ती हें बोलली तेव्हां मी तिच्यासमोर हातभर अंतरावर बसलों होतों. तीं नऊ सेकंद माझ्या कानांवरून गेलेलीं आहेत. परंतु यंत्र ऐकत होतें, म्हणून मीं ऐकलें नाहीं. मी यंत्रावरचा तांबडा दिवा लागला आहे ना, हें पाहत होतों. आईचे शेवटचे शब्द सांपडावयाचे तर ते त्या तबकडीवर नव्हे, माझ्यांतच सांपडावयास हवे होते. आणि तेथें ते उतरलेच नव्हते. असा मजकूर कोणत्या धूळरहित खोलींत परत मिळतो?

चौदाव्या मुद्रणांत काय होतें हें आठवावयास मला दोन दिवस लागले. आई गेल्यावर माझ्या तीन वर्षांच्या बहिणीला आत्या जो पाळणा म्हणून निजवीत असे, तो होता. मीं नागपूरला बहिणीकडे फोन केला आणि चोरानें कबुली द्यावी तशी सर्व हकीकत सांगितली.

"दादा, तो पाळणा होय?" ती म्हणाली. "अरे, तो मला सबंध येतो. मुलगी लहान होती तेव्हां मीं रोज म्हटला, आणि आतां ती तिच्या बाळाला म्हणते." आणि तेथल्या तेथें, फोनवर, तिनें तो म्हणून दाखविला. एका ठिकाणीं एक शब्द मला वेगळा वाटला. कोणाचा पाठ खरा हें सांगावयास आत्या नाहीं. पण पाठभेद राहिला म्हणजे कवन जिवंत आहे, हें आम्ही प्राध्यापकांनीं तरी ओळखावें.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडाल्या आणि तेराव्या दिवशीं कोरड्या वर आल्या, असें भाविक सांगतात. चिकित्सक म्हणतात कीं अभंग लोकांच्या तोंडीं होते, तेच पुन्हां वहींत उतरले. पूर्वीं या वादांत मी हिरिरीनें बोलत असें. आतां वाटतें कीं दोघेही एकाच चमत्काराविषयीं बोलत आहेत. आमच्या वैदिकांनींही ऋचा नुसत्या ठेवल्या नाहींत. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन असे तेच शब्द पुढून मागून उलटसुलट घोकले, म्हणजे एका वाटेवर चूक झाली तर ती दुसऱ्या वाटेवर उघडी पडावी. जी वस्तु वारंवार हातांतून व मुखांतून जाते ती राहते. तरी पण हेंही खरें कीं बहिणीनें मला पाळणा दिला, आत्याचा आवाज दिला नाहीं. शब्द माणसें राखतील. पण म्हातारपणीं म्हणतांना आत्याचा श्वास कोठें तुटे, तें राखणारी तबकडी होती आणि ती मीं गमावली. दोन्हीची गरज होती, आणि दोन्हींत मी कमी पडलों.

आतां त्या तेरा मुद्रणांच्या तीन प्रती आहेत. दोन घरीं निरनिराळ्या साधनांवर, एक नागपूरला. दर रविवारीं दुपारीं आम्ही दोघें एक मुद्रण लावतों आणि ऐकतों. तेराव्यांत ती शांतता येते तेव्हां सौभाग्यवती विणकाम थांबविते. मी मनांत नऊपर्यंत मोजतों. परवां नेमकी त्याच वेळीं देवघराच्या भिंतीवर पाल चुकचुकली. या खेपेस ती खरीच पाल होती. माझ्या बोटानें जमिनीवर तीन टिचक्या मारल्या, आणि मग उठून मीं तिन्ही प्रती नीट उघडतात ना, हें एकदां पाहून घेतलें. नागपूरच्या प्रतीसाठीं बहिणीला फोन करावा लागला. ती म्हणाली, "अरे दादा, परवांच तर ऐकली."